सेबू, इलोइलो, ताक्लोबान: विसाया मुलखात राहायला जाणाऱ्यांसाठी

फिलिपिन्सला जायचं ठरलं की बहुतेक जण तागालोग शिकायला घेतात. मनिलात ती कामाला येते. पण सेबूत नोकरी लागली असेल, दावाओच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला असेल किंवा इलोइलोत बिऱ्हाड करायचं असेल, तर तिथल्या बहुतेक घरांतली भाषा तागालोग नाही. महाराष्ट्रातून डॉक्टर व्हायला जी मुलं दावाओ आणि सेबूला जातात, त्यांना हे वॉर्डात पाऊल ठेवल्यावर कळतं. वर्गात इंग्रजी चालते. खाटेवरची आजी मात्र बिसायात, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत बोलते. म्हणून माझा आग्रह आहे की तागालोग नंतर शिका, आधी त्या बेटाची भाषा शिका. ती मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही.

पहिली पायरी: बेट कोणतं ते पाहा

फिलिपिन्सचे तीन भाग मानतात. उत्तरेला लुझोन, दक्षिणेला मिंदानाओ आणि मधे विसायास. मधल्या पट्ट्यात सहा मोठी बेटं आहेत: पानाय, नेग्रोस, सेबू, बोहोल, लेइते आणि सामार. आजूबाजूला सिकिहोर, गिमारास, बिलिरान अशी लहान बेटं. या सगळ्यांची मिळून एकच 'विसाया भाषा' आहे असं समजून निघालात तर पंचाईत होईल. एका कुळातल्या या अनेक भाषा आहेत. त्यांच्यात भरपूर शब्द सारखे असले तरी सेबूच्या माणसाला सामारच्या माणसाचं भरभर बोलणं कळत नाही.

सर्वांत मोठी सेबुआनो, सुमारे २ कोटी लोकांची. सेबू, बोहोल, नेग्रोसची पूर्व बाजू, लेइतेचा पश्चिम आणि दक्षिण भाग हे तिचं मूळ घर. विसाव्या शतकात विसायातली कुटुंबं जमिनीच्या शोधात मोठ्या संख्येने मिंदानाओत गेली, म्हणून दावाओ आणि कागायान दे ओरो इथेही हीच चालते. दावाओत तिच्यात तागालोग बरीच मिसळलेली ऐकू येईल. दुसरी हिलिगायनोन, जिला लोक इलोङ्गो म्हणतात: इलोइलो, गिमारास, नेग्रोसच्या पश्चिमेचं बाकोलोद शहर आणि मिंदानाओतला कोरोनादालचा परिसर. तिसरी वाराय: सामार बेट आणि लेइतेचा ईशान्य भाग, म्हणजे ताक्लोबान शहर.

पानाय बेट तर अभ्यासूंसाठी खाण आहे. इलोइलो शहरात हिलिगायनोन, आंतिके प्रांतात किनाराय-आ, कापिसमध्ये कापिस्नोन आणि आक्लानमध्ये आक्लानोन. पर्यटक ज्या बोराकायला जातात ते आक्लानमध्येच येतं. नेग्रोस बेट मधल्या डोंगरांनी भाषेच्या दृष्टीनेही दुभंगलं आहे. २०२४ मध्ये नेग्रोसचे दोन्ही प्रांत आणि सिकिहोर मिळून एक प्रशासकीय विभाग झाला, तरी पश्चिमेच्या बाकोलोदहून पूर्वेच्या दुमागेतेला गेलात की बाजाराची भाषा बदलते.

नावांबद्दल एक जपायचं. सेबुआनो बोलणारे स्वतःच्या भाषेला सहसा 'बिसाया' म्हणतात. इलोइलोचा माणूस मात्र स्वतःला इलोङ्गो म्हणवतो, सामारचा वाराय. सरसकट सगळ्यांना बिसाया म्हणू नका, विचारा. सुलू बेटांवरच्या तौसुग लोकांची भाषा भाषाशास्त्रानुसार याच कुळातली आहे, पण ते स्वतःला विसाया मानत नाहीत.

फरक किती आहे याचा अंदाज यावा म्हणून सकाळचा नमस्कार तिन्ही भाषांत ऐका. सेबुआनो: माआयोङ बुंताग. हिलिगायनोन: माआयोङ आगा. वाराय: माउपाय ङा आगा. जेवण छान झालं असेल तर सेबूत 'लामी काआयो', इलोइलोत 'नामित गिद', ताक्लोबानमध्ये 'मारासा'. आभारासाठी 'सालामात' सगळीकडे चालतं. यापुढे मी उदाहरणं मुख्यतः सेबुआनोतली देतो, कारण बहुतेकांना तीच लागेल.

दुसरी पायरी: कान तयार करा

वर मी 'ङ' वापरला. आपल्या वर्णमालेत तो आहे, पण एकटा कधी येत नाही. तिथे तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो: ङानो म्हणजे का, ङीपोन म्हणजे दात, ङालान म्हणजे नाव. 'न' म्हणून वेळ मारून नेऊ नका. 'गंगा' म्हणताना ग-च्या आधी जीभ जिथे लागते तिथेच थांबून पुढचा स्वर काढा, दोन दिवसांत जमेल.

दुसरा ध्वनी लिहिताना आडव्या रेघेने दाखवतात: कान-ओन, गाब-इ. तिथे घसा क्षणभर बंद करून पुन्हा उघडायचा, सलग 'कानोन' म्हणायचं नाही. स्वरांबद्दल फार काळजी नको. इ आणि ए, तसेच उ आणि ओ यांची अदलाबदल होते, म्हणून एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसेल.

पुस्तकातून शिकून गेलेल्याला रस्त्यावर सगळ्यात जास्त अडवतो तो 'ल'. सेबूच्या बोलीत दोन स्वरांमधला ल गळतो. वाला (नाही) चं 'वा' होतं, बालाय (घर) चं 'बाय', दिली (हेही नाहीच) चं 'दी'. बोहोलमध्ये य-चा ज होतो, माआयो तिथे 'माआजो' ऐकू येतं. आक्लानोनमधे आणखी एक घशातला मऊ ध्वनी आहे. तो ऐकूनच शिकावा लागतो, लिहून सांगण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: व्याकरणाआधी हाक मारायला शिका

तागालोग बोलणारे वाक्यागणिक 'पो' लावून आदर दाखवतात. विसाया भाषांत हा 'पो' नाही, आणि तुम्ही-आपण असा आदरार्थी भेदही रोजच्या बोलण्यात नाही. समोर वर्गमित्र असो की त्याचे आजोबा, सर्वनाम एकच, 'का'. यामुळे मनिलाच्या लोकांना विसाया माणसं उर्मट वाटतात. ते चूक आहे. आदर आहे, तो हाकेत आहे. म्हणून नुसतं नाव घेऊन मोठ्या माणसाशी बोलणं हा इथला खरा उद्धटपणा.

वयाने मोठ्या पुरुषाला मानोङ किंवा तुटक 'नोङ', मोठ्या बाईला मानाङ किंवा 'नाङ'. जीपनीचा (जीपसारख्या लांबट प्रवासी गाडीचा) चालक, बाजारातली मासेवाली, इमारतीचा पहारेकरी, सगळ्यांना हीच हाक चालते. कुया आणि आते हे तागालोग शब्दही आता शहरात सर्रास ऐकू येतात. लहान मुलाला किंवा तरुणाला 'दोङ', मुलीला 'दाय'. इलोइलोत मुलाला 'तोतो' म्हणतात. मित्राच्या घरी त्याच्या आईला नानाय, वडिलांना ताताय, आजी-आजोबांना लोला आणि लोलो म्हणा. कोणी नको म्हणणार नाही. सेबूत बरोबरीचे पुरुष एकमेकांना 'बाय' म्हणतात, पण ती जवळीक आधी त्यांच्याकडून येऊ द्या.

काही गोष्टी शब्दांशिवाय होतात. भुवया पटकन उंचावल्या म्हणजे 'हो'. हे माहीत नसलं की आपण तोच प्रश्न तीनदा विचारत बसतो. दिशा दाखवायला बोटाऐवजी ओठ पुढे करतात. आणि 'आसा का?' (कुठे निघालास?) ही चौकशी नसते, ती दखल घेण्याची रीत आहे. 'दीहा लाङ', इथेच जरा, एवढं उत्तर पुरतं.

चौथी पायरी: व्याकरणातल्या तीन गोष्टी

पहिली मराठी माणसाला फुकट मिळते. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यात आपण फरक करतो. विसाया भाषांतही तो कडक आहे: ऐकणारा धरून 'कीता', ऐकणारा वगळून 'कामी'. बोलताना त्यांची 'ता' आणि 'मी' अशी छोटी रूपं होतात. 'मोअद्तो ता' म्हणजे आपण जाऊ. 'मोअद्तो मी' म्हणजे आम्ही जाणार, तू नाही. इथला 'मी' आपला 'मी' नव्हे. एकट्यासाठी 'को' आहे. इंग्रजीवरून शिकणारे इथे महिनोन्‌महिने चुकतात आणि नकळत समोरच्याला बेतातून वगळून टाकतात. तुम्ही फक्त मराठीतून विचार करा.

दुसरी गोष्ट नकाराची. 'दिली' आणि 'वाला' दोन्ही नाहीच, पण जागा वेगळ्या. पुढे होणार नाही किंवा अमुक तसं नाही, तिथे दिली. घडलं नाही किंवा वस्तू शिल्लक नाही, तिथे वाला. 'दिली को मोकाओन' म्हणजे मी खाणार नाही. 'वाला को मिकाओन' म्हणजे मी खाल्लं नाही. दुकानात 'नाआ बाय तूबिग?' (पाणी आहे का?) विचारलंत तर उत्तर 'नाआ' किंवा 'वाला' येईल.

तिसरी खरी अवघड, आणि तिच्यातच या भाषांचं सौंदर्य आहे. क्रियापद वाक्यात सहसा पहिलं येतं आणि वाक्याचा रोख कोणावर आहे ते त्याच्या रूपावरून कळतं. 'निकाओन को ओग मांगा': मी आंबा खाल्ला, रोख माझ्यावर. 'गिकाओन नाको आङ मांगा': तो आंबा मी खाल्ला, रोख आंब्यावर. कर्त्याचं रूपही को-वरून नाको झालं, ते पाहा. मराठीत 'मी आंबा खातो' म्हणताना क्रियापद माझ्यामागे जातं आणि 'मी पोळी खाल्ली' म्हणताना पोळीमागे. यंत्रणा वेगळी आहे, पण क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरू शकतं ही कल्पना आपल्या अंगवळणी आहे. सुरुवातीला प्रत्येक क्रियापदाची नि- आणि गि- अशी जोडी पाठ करा. जागेवर आणि साधनावर रोख ठेवणारी रूपं पुढच्या टप्प्याची.

'सिया' म्हणजे तो किंवा ती, लिंगभेद नाही. म्हणूनच तिथले लोक इंग्रजी बोलताना बायकोला सहज 'ही' म्हणून जातात.

पाचवी पायरी: जीपनी, बाजार, ताट

सेबूत जीपनीच्या मार्गांना अंक आणि अक्षराचे संकेत असतात, ते पाटीवर लिहिलेले दिसतात. भाड्याला 'प्लेते' म्हणतात. मागे बसला असाल तर पैसे पुढच्या प्रवाशाच्या हातात देत 'पालीहोग' (कृपया) म्हणा, ते हातोहात चालकापर्यंत पोचतात आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचं असेल तेव्हा 'लुगार लाङ, नोङ'. मनिलातलं 'पारा' इथे कळतं, पण लगेच तुम्ही बाहेरचे ठरता.

बाजारात 'तागपिला नी?' (हे केवढ्याला?) विचारून उत्तर समजायला हवं असेल तर स्पॅनिश आकडे शिका. एक ते दहा मोजायला उसा, दुहा, तुलो, उपात असे देशी शब्द आहेत, पण किंमत आणि घड्याळ स्पॅनिशच्या मोडतोडीत चालतं: बाइंते वीस, सिंक्वेंता पन्नास, आलास दोस दोन वाजता.

भात खाणाऱ्यांना इथलं शब्दभांडार घरचं वाटेल. शेतातली साळ ती हुमाय, तांदूळ तो बुगास, शिजलेला भात तो कान-ओन. दुकानात कान-ओन मागितलात तर शिजवलेलाच मिळेल. सेबूत मक्याच्या कण्यांचा भातही खूप खातात; जमीन चुनखडीची, भातशेतीला अपुरी. नारळाच्या झावळीच्या विणलेल्या छोट्या पिशवीत शिजवलेला भात म्हणजे 'पुसो'. भाजलेल्या मांसाच्या टपऱ्यांवर तो घोसाने टांगलेला असतो. मासा तीन तऱ्हांनी सांगता येतो: सुगबा म्हणजे भाजून, तुला म्हणजे रश्शात, किलाव म्हणजे कच्चाच व्हिनेगरमध्ये मुरवून. तीनही मिळणाऱ्या खानावळीला 'सुतुकिल' म्हणतात.

इलोइलो शहराला २०२३ मध्ये युनेस्कोच्या पाककला-नगरांच्या यादीत जागा मिळाली, ती अगदी योग्य आहे. तिथला ला पास बाचोय हा शेवयांचा रस्सा प्रसिद्ध आहे, पण मराठी माणसाने 'कादयोस' चाखावेत. कादयोस म्हणजे आपली तूर, डाळ न करता अख्खीच. ती डुकराचं मांस आणि लांका म्हणजे फणस घालून शिजवतात, बातवान नावाच्या फळाने आंबटपणा आणतात.

शाकाहारी असाल तर तयारी ठेवा, कठीण जातं. 'उतान बिसाया' हा भाज्यांचा पातळ रस्सा, भोपळा, वांगी, भेंडी आणि शेवग्याचा पाला घातलेला, तुमचा आधार. पण त्यातही चवीला सुकी मासळी पडते. म्हणून 'दिली को मोकाओन ओग कार्ने' एवढं म्हणून थांबू नका. कार्ने म्हणजे मांस, त्यात मासा येत नाही. मासा (इस्दा), सुकी मासळी (बुलाद), अंडं (इतलोग) प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा.

सहावी पायरी: कोणाच्या घरी

फाटकाशी उभं राहून 'आयो!' अशी हाक द्यायची. आतून 'दायोन' आलं की आत या. चपला बाहेर. घरातल्या ज्येष्ठांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावणं हा नमस्कार. सेबूत त्याला आमिन म्हणतात. घरात जेवण चालू असेल तर 'काओन ता' असं आमंत्रण हमखास येईल. ते जाणाऱ्या-येणाऱ्यालाही दिलं जातं. खरोखर बसायचं नसेल तर हसून 'बुसोग पा को' (माझं पोट अजून भरलेलं आहे) म्हणा. न बोलता निघून जाणं वाईट दिसतं.

लहान बाळाचं कौतुक करताना 'प्वेरा बुयाग' जोडा. बुयाग म्हणजे दृष्ट लागण्यासारखाच प्रकार. परक्या माणसाने हे शब्द म्हटले की आईचा चेहरा खुलतो. मोठं झाड, झरा, पडीक जागा इथून जाताना 'ताबी' म्हणण्याची पद्धत आहे, तिथे राहणाऱ्या अदृश्यांची वाट मागण्यासाठी. तुमचा विश्वास असो-नसो, सोबतचे म्हणत असतील तर तुम्हीही म्हणा.

शेजारी कोणी गेलं तर जाऊन या. शवपेटी घरात ठेवून अनेक रात्री जागतात, त्याला 'हाया' म्हणतात. लोक पत्ते खेळत, कॉफी पीत बसलेले दिसतील. घरच्यांना एकटं वाटू नये म्हणून ते जागत असतात. पाकिटात यथाशक्ती पैसे द्यावेत. त्या दिवसांत घर झाडत नाहीत आणि निघणाऱ्याला दारापर्यंत पोचवायलाही येत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

सातवी पायरी: इतिहास आणि फिएस्ता (सण-जत्रा)

स्पॅनिश लोक आले तेव्हा विसाया पुरुषांच्या अंगभर गोंदण होतं, म्हणून त्यांनी त्यांना 'पिंतादोस', रंगवलेले, असं नाव दिलं. मॅगेलन १५२१ च्या एप्रिलमध्ये सेबूला पोचला. तिथला राजा हुमाबोन बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आणि राणीला बाळ येशूची मूर्ती भेट मिळाली. २७ एप्रिलला समोरच्या माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी मॅगेलनला ठार केलं. त्या प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या पिगाफेत्ताने सेबूतले शंभरहून अधिक शब्दही लिहून घेतले, त्यातले कित्येक आजही बाजारात ऐकू येतात. 'राजा' हा शब्द, अदृश्य देवतांना म्हणतात तो 'दिवाता' आणि उपवासाला म्हणतात तो 'पुआसा' हे संस्कृतातून मलायमार्गे तिथे गेले आहेत.

तीच मूर्ती, सांतो निन्यो, १५६५ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीच्या लोकांना सेबूत सापडली आणि आज तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबूत सिनुलोग असतो, 'पित सेन्योर!'च्या गजरात. त्याच सुमारास आक्लानमधल्या कालिबोत आती-आतिहान, आठवड्याने इलोइलोत दिनाग्याङ. गोव्यातलं फेस्त पाहिलेल्याला वातावरण ओळखीचं वाटेल. रस्त्यावरची स्पर्धात्मक मिरवणूक हा सिनुलोगचा अलीकडचा, १९८० पासूनचा भाग. जुनं रूप बघायचं असेल तर एरवी कधीही बॅसिलिकाच्या आवारात जा. मेणबत्त्या विकणाऱ्या बायका तुमच्या वतीने नवस बोलत दोन पावलं पुढे, एक मागे असं नाचतात. बाकोलोदचा मासकारा ऑक्टोबरमध्ये असतो.

चर्चपलीकडचं विसाया मन समजून घ्यायचं असेल तर पानायच्या डोंगरातल्या लोकांच्या 'हिनिलावोद' या महाकाव्याची माहिती मिळवा. ते तोंडी जपलं गेलं. जपणाऱ्यांत बिनुकोत होत्या, लहानपणापासून घरात राखलेल्या, काव्य मुखोद्गत केलेल्या मुली. मात्र 'कालान्त्यावची संहिता' नावाचा प्राचीन कायदा कोणी दाखवला तर भुलू नका. ते बनावट आहे हे इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं.

आणखी एक दुखरी जागा माहीत असू द्या. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोग निवडली गेली, तेव्हा सेबुआनो ही अतिशय मोठी भाषा होती. मनिलाच्या दूरचित्रवाणीवर विसाया उच्चारांची थट्टा वर्षानुवर्षं चालली. प्राथमिक शाळेत पहिली काही वर्षं मातृभाषेतून शिकवण्याचा नियम झाला, तोही २०२४ च्या कायद्याने गेला. म्हणून तिथे कोणाच्याही भाषेला 'बोली' म्हणू नका.

आठवी पायरी: दवाखाना आणि वादळ

रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न: सेबुआनोत 'आसा मान आङ साकित?', हिलिगायनोनमध्ये 'दीइन आङ मासाकित?', वारायमध्ये 'हाइन आन मासाकित?'. हिलानात म्हणजे ताप, उबो खोकला, कालीबाङा जुलाब. तागालोग शिकून आलेल्यांनी विशेष सांभाळा. 'पाआ' म्हणजे तागालोगमध्ये पाऊल, सेबुआनोत मांडी. पाऊल ते 'तीइल'. केसपेपरवर ही चूक महागात पडेल. 'नालिबोग को' म्हणजे सेबुआनोत मी गोंधळलो. तागालोगमध्ये 'लिबोग' कामवासनेला म्हणतात, तेव्हा मनिलाच्या सहकाऱ्यासमोर तो शब्द टाळा.

बाग्यो वादळ, लिनोग भूकंप, बाहा पूर, सुनोग आग, ताबाङ मदत. हे पाच शब्द निघण्याआधीच पाठ असावेत. ८ नोव्हेंबर २०१३ ला योलांदा वादळाने ताक्लोबान उद्ध्वस्त केलं, देशात ६,००० हून अधिक माणसं गेली. समुद्र आत घुसेल हा इशारा इंग्रजी शब्दांत दिला गेला होता आणि अनेकांना त्याचा अर्थच उमगला नाही. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला बोहोलला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता.

पुढचा अभ्यास

सेबुआनोसाठी जॉन वुल्फ यांचा १९७२ चा शब्दकोश अजूनही सर्वांत भरवशाचा आहे. त्यात शब्द मुळाखाली लावलेले आहेत, म्हणून उपसर्ग सोलून शब्द शोधायची सवय करा: गिकाओन हवा असेल तर काओन बघा. १९३० पासून निघणारं 'बिसाया' नियतकालिक मिळालं तर छोट्या गोष्टींपासून वाचा. सेबूतल्या सान कार्लोस विद्यापीठात १९७५ पासून सेबुआनो अभ्यास केंद्र आहे. इंटरनेटवर सेबुआनो विकिपीडिया आकाराने प्रचंड दिसतो, पण त्यातले बहुतेक लेख एका संगणकी प्रणालीने पाडलेले आहेत. वाक्यरचना शिकायला तो वापरू नका. त्यापेक्षा रोज थोडा वेळ रेडिओवरच्या बिसाया नाटिका ऐका, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सारी-सारी (छोट्या किराणा) दुकानात अंडी घ्यायला जाऊन 'हिनाय-हिनाय लाङ, नाङ' (जरा हळूहळू बोला, ताई) म्हणत गप्पा मारा.